चामटोलीला ऐकू जातं का?

मी मूळची चामटोलीची. बदलापूर सोडून कर्जत रस्त्याला लागलं की पुढं येतं ते गाव, आता तिथं बिल्डरच्या पाट्याच एवढ्या लागल्यात की गाव कुठून सुरू होतं ते आम्हाला पण कळत नाय, पण मी सांगते ते तेव्हाचं, जेव्हा आमच्या घरापासून पार खालच्या खाचरापर्यंत मधे एक भिंत नव्हती, आणि माझी आय ओट्यावर उभी राहून आम्हाला हाळी मारायची. हाळी म्हणजे हाकच हो ताई, पण हाक घरातल्या घरात मारतात, हाळी लांबच्याला मारतात. आयची हाळी अशी की खाली बापूस नांगर धरून असायचा तो बैलांसकट थांबायचा. माझा आवाज तिचाच आलाय. त्यापायी लहानपणी बोलणी पण खाल्लीत मी, पोरीच्या जातीनं एवढ्या मोठ्यानं बोलू नये, कोण करील हिला, असं. केलं की नाय? केलं. अंबरनाथचं स्थळ आलं आणि नववीतून शाळा सुटली.

आमचे हे तेव्हा केमिकल कंपनीत होते, ती कंपनी बंद पडली, आता एका सोसायटीत वॉचमन हायत. कंपनी बंद पडल्यावर मी उल्हासनगरला जायला लागले, कॅम्प पाचला, तिथल्या वस्त्यांना कॅम्पच बोलतात, जीन्सच्या कारखान्यात. जीन्स शिवून आली की तिला जे सुटे धागे लोंबत असतात ना, ते छोट्या कातरीनं कापायचे, धागा कटिंग बोलतात त्याला. मालकीण सिंधी, सगळे तिला अदी म्हणायचे, अदी म्हणजे त्यांच्यात बहीण. बाई तोंडाची फटकळ पण मनाची चांगली. मला बोलायची, सुनंदा, मशीन बंद है फिर भी मशीन की आवाज आ रही है, देखा तो तू बोल रही है. तिथं दिवसभर रेडिओ चालू असायचा आणि त्यातल्या पोरी काय ते लाडे लाडे बोलायच्या, हाय फ्रेंड्स, कैसे हो, आणि मी कातर चालवता चालवता त्यांना उत्तरं द्यायचे, तुला काय करायचंय गं आम्ही कसे हाव ते, बिल भरणारैस का आमचं. सगळ्या बाया हसून हसून धागे सोडून द्यायच्या आणि अदी ओरडायची.

तर रेडिओशी माझं असं भांडणाचं नातं. आणि बघा, त्याच रेडिओत गेले. इथं अंबरनाथला एका शिक्षणसंस्थेनं गच्चीवर अँटेना लावून छोटं स्टेशन काढलं होतं. मुंबईच्या मोठ्या स्टेशनांसारखं नाय, ह्यांना सरकार पॉवरच थोडी देतं, आजूबाजूच्या गावापुरती. आमच्या बचत गटाला तिथं बोलावलं, पापडाबद्दल सांगा म्हणून. बाकीच्या बाया माईक बघून गप्प झाल्या आणि मी जी सुरू झाले ती तिथल्या मॅडमनी काच वाजवून थांबवलं तेव्हा थांबले. मॅडम बोलल्या, सुनंदाताई, तुम्ही रोज याल का. मी बोलले, रोज कशाला, पापड एवढेच येतात मला. त्या हसल्या. बोलल्या, पापड नको, गावचं बोला.

असा आमचा कार्यक्रम सुरू झाला, नाव पण मीच दिलं, हाळी. रोज सकाळी. कोणाचा रेडा सुटलाय, कुठं लाइट जाणार, लस टोचायला नर्सबाई कुठल्या गावात येणार, कोणाकडं हळद, कोणाकडं बारसं, कोणाचं दहावं, कोणाचं बारावं. लोक व्हॉट्सअपला पाठवायचे, मी वाचायचे. पहिल्यांदा मी शुद्ध वाचायला गेले, निधन पावले आहेत, वगैरे, तर एका म्हाताऱ्यानं फोन करून सांगितलं, बाई, तू मेलेल्याला पण अनोळखी करून टाकलंस. तेव्हापासून मी आपलं आपल्यासारखं बोलायला लागले. आणि तुम्हाला सांगते, आमच्या गावांमधनं ते एवढं रुळलं की हाळीत नाव आलं म्हणजे घरी येऊन बोलावल्यासारखं झालं. मग वेगळा फोन केला नाय तरी माणसं रुसायची नाहीत. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार हाय.

आता घरचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाय. बापूस गेला आणि जमिनीला भाव आला. माझा भाऊ, बाळाराम, माझ्याहून मोठा, आम्ही त्याला दादूस म्हणतो, तो कागद घेऊन आला, हक्कसोडचा. बहिणींनी सह्या करायच्या, आमचा जमिनीवर हक्क नाय म्हणून. सगळीकडं करतात, नवीन नाय. मी बोलले, दादूस, आय हाय तोवर कसली घाई, ती गेल्यावर करते सही, जिथं सांगशील तिथं करते. मला जमीन पाहिजे होती का? देवाशप्पथ नव्हती. पण सही झाली की हा दुसऱ्या दिवशी बिल्डरला देणार, घर पण त्यातच जाणार, आणि आयला नेऊन कुठल्या तरी फ्लॅटमधल्या खोलीत ठेवणार, आणि माझ्या आयला ओटा लागतो ताई, तिला दारात बसल्याशिवाय जेवण जात नाय. एवढंच होतं माझं. तो बोलला, शहरात राहून कायदा शिकलीस. मी पण तोंडाची कमी नाय, मी बोलले, कायदा शिकले असते तर निम्मी मागितली असती. झालं. बोलला, सही केल्याशिवाय ह्या घराची पायरी चढायची नाय. आणि मी चढले नाय. फोनमधनं पण त्यानं माझा नंबर ब्लॉक करून टाकला.

आयला तेव्हाच दिसायचं बंद झालं होतं. मोतीबिंदू पिकू दिला, मग ऑपरेशन करून पण उपयोग झाला नाय. तिला मोबाइल कानाला धरता येत नाय, वहिनी धरून देईल अशातली नाय. मग मी काय केलं, कॅम्प एकच्या बाजारातनं एक छोटा रेडिओ घेतला, सेलवर चालणारा, आणि भाच्याच्या हाती पाठवला. भाचा म्हणजे दादूसचाच मुलगा, नितेश, लग्न झालेला बाप्या हाय पण बापाला घाबरतो, तरी आत्याशी त्याचं चोरून चालू होतं. त्याला सांगितलं, आपल्या स्टेशनवर काटा लाव आणि वरून चिकटपट्टी मार, म्हणजे तिचा हात लागून हलायला नको. आणि मी काय करायचे, हाळीच्या शेवटी सांगायचे, मंडळी, आज माझ्याकडं वालाची भाजी हाय. नायतर, आज सुकट केलंय. आज ताप हाय म्हणून मऊ भात. लोकांना वाटायचं गंमत, आवडायची पण त्यांना, तुमची भाजी काय म्हणून फोन यायचे. पण ती भाजी आयला होती. तिनं त्यातनं ओळखायचं, पोर बरी हाय, जेवते, नवरा घरात हाय की कामावर. नितेश बोलायचा, आत्या, म्हातारी सकाळी उठल्यापासून विचारते, वेळ झाली का, वेळ झाली का. असं चाललं होतं आमचं माय-लेकीचं. एका बाजूनं का होईना, चाललं होतं.

मग मॅडम रिटायर झाल्या आणि सर आले. वाईट माणूस नाय हो, मी कोणाला वाईट बोलत नाय, शिकलेला, मुंबईत मोठ्या स्टेशनात काम केलेला. पहिल्या मीटिंगला बोलला, आपला फॉरमॅट बदलतोय. मी शेजारच्या पोरीला विचारलं, म्हणजे काय, तर ती बोलली, म्हणजे तुमचं बंद आणि गाणी चालू. सर बोलला, कॅम्पमध्ये एवढी वस्ती, एवढी दुकानं, ती लोकं आपलं स्टेशन लावत नाहीत कारण आपण त्यांच्यासाठी काही करत नाही, त्यांना हिंदी पाहिजे, गाणी पाहिजेत, थोडं सिंधी पाहिजे. मला राग आला, पण खोटं कशाला बोलू, अदीच्या कारखान्यात मी एवढी वर्षं होते, तिथं कोण आमची हाळी लावणार, त्यांना काय आमच्या रेड्याचं. माणसाचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून तर जास्त राग आला.

आणि दुसरं, रेंजचं. बदलापूरच्या बाजूला हे एवढे टॉवर उभे राहिलेत, आमचा सिग्नल त्यांच्यावर आपटतो, असं इंजिनियर बोलला. त्या बाजूनं आधीच कमी झालं होतं. सर बोलला, एवढ्याशा पॉवरमध्ये दोन्हीकडे पोचणार नाही, एक बाजू धरा. मी बोलले, सर, गावात ऐकतात. तो बोलला, कोण ऐकतं? मी बोलले, चामटोलीला ऐकतात. तो बोलला, चामटोलीला ऐकू जातं का, हे मला दाखवा, मी कार्यक्रम ठेवतो. आता कसं दाखवू? माझी आंधळी आय ऐकते, असं सांगू? आणि हो, भाजीचं पण बोलला, सुनंदाताई, हे घरगुती बंद करा, प्रोफेशनल वाटत नाही. मी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी बोलले, मंडळी, आज अळूचं फदफदं. माझं डोकं असंच हाय.

मग एके दिवशी गच्चीवर माणसं चढली आणि अँटेना काढून उल्हासनगरच्या अंगाला बसवली. गच्चीवरची पाण्याची टाकी, ते जिन्याचं खोपटं, सगळं आता आमच्या गावांच्या आड आलं. मी खाली उभी राहून बघत होते. काय सांगू तुम्हाला, आपल्या घराचं दार दुसरंच कोणी काढून दुसऱ्या भिंतीला लावतंय, तसं वाटलं. हाळीचा आठवडा बाकी ठेवला होता, मग बंद. मी रोज वाचायचे आणि मनात एकच, तिला जातंय का, तिला जातंय का. नितेशला फोन लावला तर उचलेना. त्याची बायको भरलेली होती, पहिलटकरीण, मला वाटलं दवाखान्यात असेल. असे दिवसावर दिवस गेले, कोणाचा फोन नाय, गावाकडनं मेसेज यायचे ते पण कमी झाले. आणि आय तिथं कानाला काय लावून बसली असेल ते मला इथं बसून दिसत होतं.

शेवटून दुसरा दिवस. सकाळी मोबाइल उघडला तर नितेशचा मेसेज. चामटोली येथील पार्वतीबाई यांचे पणतू यांचं बारसं आज दुपारी राहत्या घरी, सर्व आप्तेष्टांनी अगत्य येण्याचं करावं. खाली मला वेगळं लिहिलेलं, आत्या, पप्पा घरच्या घरीच करू म्हणतात, तू वाच म्हणजे सगळ्यांना कळेल. पोरगा झाला होता त्याला आणि मला हे असं कळत होतं. पार्वतीबाई म्हणजे माझी आय. एवढी वर्षं मी रोज तिच्यासाठी बोलले पण तिचं नाव कधी घेतलं नव्हतं माईकवर, दादूसच्या कानावर जायला नको म्हणून. आणि आता वाचायला घेतलं, चामटोली येथील पार्वतीबाई, आणि माझा गळा भरून आला. खरंच आला. मी थांबले, माईक बंद केला, पाणी प्यायले, मग पुढचं वाचलं, आवाज कापत होता पण वाचलं. आणि भाजी सांगितली, काहीतरी सांगितली, ध्यानात नाय.

कार्यक्रम संपला नाय तर स्टेशनचा फोन वाजला. एरंजाडची मावशी. माझ्या आयची धाकटी बहीण. ती रडत होती. बोलली, सुनंदे, माझी बहीण गेली आणि मला रेडिओवर कळतंय? मी बोलले, मावशी, कोण गेली? ती बोलली, आता तूच वाचलंस ना, पार्वतीचं बारावं आज म्हणून. मी बोलले, अगो बारावं नाय, बारसं, बारसं, नितेशला पोरगा झाला. ती बोलली, लपवू नको, खरखर होती पण नाव ऐकलं मी, आणि तू रडलीस ते पण ऐकलं. बारशाला कोण रडतं?

ताई, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमची खरखर असते ना, सिग्नल कमी असला की, ती काय आवाज करते? स्स्स्स. आणि बारसंमधला स त्याच्यात बुडून गेला. उरलं काय, पार्वतीबाई यांचं बार...अं, त्याचं लोकांनी बारावं केलं, आणि मग, आज दुपारी राहत्या घरी, आप्तेष्टांनी यावं. पणतू पण गेला कुठंतरी. पहिल्यांदा मी हसले. मग दुसरा फोन आला, मग तिसरा. मी सगळ्यांना सांगते, अहो बारसं, बारसं, पण आमच्या माणसांना एकदा वाटलं म्हणजे वाटलं. एकजण बोलला, मी आत्ताच चामटोलीवरनं आलो, बाळारामच्या दारात मांडव घातलाय, बारशाला कोण मांडव घालतं? मग ह्यांचा फोन, आमच्या मिस्टरांचा, अगं एक बदलापूरचा माणूस येऊन मला बोलला, तुमच्या सासूबाई वारल्या, मला कसं म्हाईत नाय?

आणि तेव्हा मी हसायची थांबले. कारण बघा, मीच बोललेलं होतं, माझ्याच तोंडचं चुकीचं ऐकून लोक मलाच सांगत होते, हे मला कळत होतं, तरी आतनं एक किडा वळवळला. खरंच गेली असेल तर? बारा दिवस झाले असतील तर? मला कोण सांगणार? दादूस सांगणार? ज्यानं पायरी बंद केली तो खांद्याला बोलावणार? आणि नितेश एवढे दिवस फोन का उचलत नव्हता? घरात सुतक असलं तर बारसं करता येत नाय, मग लपवलं असेल का सगळ्यांनी, पहिलं पोर हाय म्हणून? आता बोलते तर वेडेपणा वाटतो, पण तेव्हा मला एकेक गोष्ट जुळत गेली. नितेशला फोन लावला, बंद. परत लावला, बंद. दादूसला लावता येत नाय. मी पर्स उचलली. सर दारात भेटला, बोलला, ताई, कुठे, नव्या फॉरमॅटच्या, गाण्यांच्या मधे बोलायच्या हिंदी लिंक रेकॉर्ड करायच्यात तुमच्या. मी बोलले, माझी आय मेली का बघून येते. तो बाजूला झाला.

रिक्षात बसले. रिक्षावाल्याला बोलले, भैया, रेडिओ लगाओ, हमारा स्टेशन लगाओ. त्यानं लावला. गाणं चालू होतं, खणखणीत. अंबरनाथ सुटेपर्यंत गाणं, मग बदलापूर जवळ आलं तसं गाण्याला भोकं पडायला लागली, एक ओळ हाय, एक ओळ नाय. ते नवे टॉवर आले आणि खरखर. मी बोलले, आवाज वाढव. तो बोलला, आंटी, इसमें कुछ नहीं है, बंद करूँ? मी बोलले, नको. कर्जत रस्त्याला लागलो तर नुसतं स्स्स्स, त्याच्यात बाईचा आवाज की बाप्याचा ते पण कळेना. मी ते ऐकत बसले आणि मला रडू कोसळलं. अँटेना वळवली त्या दिवसापासून आय हेच ऐकत असेल, आणि मी तिकडं रोज भाजी सांगत होते. कोणाला सांगत होते मी?

घराशी उतरले तर मांडव खरंच होता. माणसं पण जमलेली. आणि माणसं कशी, अर्धी पांढऱ्या कपड्यात. एरंजाडची मावशी खाली बसलेली, तिचा मुलगा हातात टॉवेल-टोपी घेऊन उभा. आमच्यात बाराव्याला नातेवाईक आणतात टॉवेल-टोपी, ज्याची आय गेली त्याला द्यायला, दुखवटा म्हणून. आणि मांडवाला बघते तर फुगे! निळे फुगे, आणि मधे पाळणा. आणि दादूस नवा शर्ट घालून मधे उभा, आणि मामाच्या घरचा एक म्हातारा त्याच्या अंगावर ओरडतोय, लाज नाय वाटत, आय मेली आणि डोकं पण भादरलं नाय तू! दादूस काय बोलतोय ते कोणी ऐकून घेत नाय. वहिनी घुगऱ्यांचं पातेलं धरून तशीच उभी.

त्यानं मला बघितलं. बोलला, आलीस? बघ काय करून ठेवलंस. मी विचारलं, आय कुठं हाय? तो बोलला, तुला सांगितलं होतं ना पायरी. मी परत विचारलं, दादूस, आय कुठं हाय, हाय का नाय तेवढं सांग. आणि मोठ्यानं विचारलं, माझ्या आवाजात, सगळा मांडव गप्प झाला. आणि आतनं आवाज आला, कोन गो ती?

मी पायरी चढले का, उंबरा ओलांडला का, मला काय आठवत नाय. आय आतल्या खाटेवर बसलेली, नवं लुगडं नेसवलेलं बारशाचं, आणि रेडिओ कानाला. खरखर चालू. मी तिच्यासमोर बसले. तिनं हात पुढं केला, माझं तोंड चाचपलं, नाक, कान, मंगळसूत्र. मग तिनं रेडिओ मांडीवर ठेवला आणि बोलली, मना वाटला तूच गेलीस. कवाची नुसती खरखर. नितेशला इचारला तर बोलतो, येईल, येईल. मेल्या माणसाचा पन असाच सांगतात, येईल येईल. मी मनात धरला, पोर गेली माझी, ही लोका सांगत नायत.

काय सांगू तुम्हाला. मी इथं तिला मेलेली समजून धावत आले, आणि ती तिथं कधीपासून माझं सुतक धरून बसली होती.

दादूस दारात आला, मागं सगळी माणसं. त्याला पण ओरडून ओरडून घाम आला होता. बोलला, भेटलीस ना, आता जा, बाकीचं सही झाल्यावर. आणि माझी आय बोलली, आंधळी, खाटेवरनं, पण मांडवात ऐकू जाईल अशी बोलली, बाल्या, मी तर मेलेली हाय, ही सगळी माझ्या बाराव्याला आलीत. मग मेल्या आयला भेटायला पोर आली तर कोन अडवतो रं? बाराव्याला कोनला अडवत नायत. मावशी रडता रडता हसायला लागली. मग सगळेच. तो टॉवेल-टोपीवाला बिचारा हळूच विचारतो, हे आता घरी परत न्यायचं की कसं, दुखवटा परत नेत नायत. आय बोलली, दे त्यालाच, उन्हात डोक्याला गुंडाळल. दादूसनं घेतली टॉवेल-टोपी. माझ्याकडं बघितलं नाय, पण घेतली. बारसं झालं, पाळणा मी म्हटला, पांढऱ्या कपड्यातली सगळी माणसं घुगऱ्या खाऊन गेली. नितेशचा मोबाइल कुठं होता विचारा, पाळण्याशेजारी चार्जिंगला लावलेला आणि बटण चालू नाय; आधीचे दिवस बाळंतिणीच्या धावपळीत होता.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. बोलले, सर, तुम्ही विचारलं होतं ना, चामटोलीला ऐकू जातं का. बघा किती माणसं आली ऐकून. सरनं सगळं ऐकून घेतलं, त्याला पण हसू आवरेना, मग बोलला, ताई, पण ह्यातनं काय कळतं? की बारसं सांगितलं तर बारावं ऐकू येतं. हे धोक्याचं आहे, असं गावाच्या बातम्या देता येणार नाहीत. मीच माझ्या हातानं पुरावा नेऊन दिला होता, पण त्याच्या बाजूचा. त्या दिवशी हाळी शेवटची झाली. मला बोलले, हिंदी बोला, साड्यांच्या जाहिराती वाचा, आवाज चांगला आहे तुमचा. वाचते मी. कॅम्पमधल्या साड्या, कॅम्पमधलं फर्निचर. अदीनं फोन केला एकदा, सुनंदा, तू रेडिओ पे आ गई, पूरा कारखाना सुन रहा है. तिकडं खणखणीत जातं हो. मला बरं वाटलं, खोटं नाय बोलणार.

आणि चामटोलीला आता मी सुट्टीच्या दिवशी जाते. सही मी केलेली नाय, आय हाय तोवर करणार पण नाय. दादूस माझ्याशी बोलत नाय, मी आले की शेताकडं निघून जातो. पण मागचं दार असतं ना पडवीचं, ते नुसतं लोटलेलं असतं, कडी नसते. वहिनी म्हणते मी नाय ठेवत. मग कोण ठेवतं ते मला विचारू नका, मी पण विचारत नाय.

आयजवळ बसते, ओट्यावर, भाजी काय केली, कोण भेटलं, सगळं सांगते तिला, तोंडानं, कानाशी. तरी तिचा रेडिओ उशाशी असतो, आणि मी नसले की चालू असतो, त्या चिकटपट्टीसकट. मी बोलले, आय, आता मी त्याच्यात नाय येत, तुझ्यापर्यंत काहीच येत नाय, कशाला सेल जाळतेस, बंद कर. ती बोलली, असू दे गो. तू गेलीस की घर गप होता. ती खरखर असली की वाटता, आता बोलशील.

देव तिला अजून दिवस देवो, आणि तुमचं पण चांगलं होवो ताई, एवढं ऐकून घेतलंत. चामटोलीला जाताना मी तिच्यासाठी नवे सेल घेऊन जाते.